दिले आठ, धरले नऊ

आर या संख्याशास्त्राच्या भाषेत एखाद्या मॅट्रिक्सची आयगेन-मूल्यं काढायला एक ओळ पुरते. ओळ लिहायची, एंटर दाबायचं, उत्तर हजर. लिहिणाऱ्याला वाटतं, काम आरने केलं. खरं तर आरने ते सी भाषेत लिहिलेल्या आपल्याच एका भागाकडे सरकवलेलं असतं आणि त्या भागाने ते फोरट्रानच्या गळ्यात टाकलेलं असतं. आकडेमोड होते ती लॅपॅक नावाच्या फोरट्रान संग्रहात. त्याची पहिली आवृत्ती १९९२ साली आली. हा लॅपॅकही जड कामं स्वतः करत नाही. ती तो ब्लास नावाच्या आणखी जुन्या संचावर सोपवतो, ज्याची पहिली मांडणी १९७९ साली प्रसिद्ध झाली. पायथॉनमधल्या नमपायचीही घरची परिस्थिती अशीच आहे.

आता यातल्या भाषांची वयं पाहा. फोरट्रान १९५७ ची. आयबीएम ७०४ या यंत्रासाठी जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेली. सी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांच्या हातून घडली. आर १९९० च्या दशकात न्यूझीलंडमधल्या ऑकलंडला जन्मली. फोरट्रान लिहिली गेली तेव्हा सी कुणाच्या स्वप्नातही नव्हती. व्याकरण वेगळं, सवयी वेगळ्या, मोजणीची सुरुवातसुद्धा वेगळी: फोरट्रान एकपासून मोजते, सी शून्यापासून. तरी एकीने हाक मारली की दुसरी ओ देते, सेकंदाला लाखो वेळा, आणि मध्ये दुभाषा कुणीच नसतो.

(फोरट्रान म्हणजे संग्रहालयातली वस्तू, असं कुणाला वाटत असेल तर पुण्यातल्या पाषाणकडे पाहावं. तिथल्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेत २०१८ साली ‘प्रत्युष’ आणि २०२४ साली ‘अर्क’ हे महासंगणक आले. अशा यंत्रांवर हवामानाची जी प्रारूपं चालतात, त्यांचा गाभा बहुतांशी फोरट्रानच आहे. कोकणात पाऊस कधी येणार, हा प्रश्न आजही त्याच भाषेत विचारला जातो.)

दुभाषा नसताना हे जमतं कसं? जमतं, कारण बोलणं होतच नाही. कंपायलरचं काम संपलं की भाषा संपते. उरतात प्रोसेसरच्या सूचना: इथला आकडा तिथे ठेव, या दोघांची बेरीज कर, त्या पत्त्यावर उडी मार. ही सूचना पूर्वी सी होती की फोरट्रान, हे प्रोसेसरला विचारून उपयोग नाही. त्याच्या लेखी ‘फंक्शन’ अशी वस्तूच नाही. एक उडी आहे आणि परतीचा एक पत्ता आहे.

हा परतीचा पत्तासुद्धा कुणाला तरी सुचावा लागला. १९४९ साली केंब्रिजमध्ये एडसॅक हे यंत्र सुरू झालं. एकच हिशेब प्रोग्राममध्ये चार ठिकाणी लागत असेल तर तो चारदा का लिहायचा? एकदा लिहू, चारही ठिकाणांहून तिथे उडी मारू. पण काम झाल्यावर चारांपैकी कुठे परतायचं? एडसॅककडे पत्ता लक्षात ठेवायची सोय नव्हती. डेव्हिड व्हीलर या तरुणाने तोड काढली: उडी मारणाऱ्याने जाताना आपण कुठून निघालो ते सोबत न्यायचं आणि पोचलेल्या कोडने पहिलं काम म्हणून स्वतःचीच शेवटची सूचना खोडून तिथे परतीची उडी लिहायची. चालता चालता स्वतःला बदलणारा प्रोग्राम! आज असं काही केलं तर सुरक्षावाले धावत येतील. पण व्हीलरच्या या युक्तीत पुढच्या सगळ्या कथेचं बीज आहे. हाक मारणारा आणि ओ देणारा यांच्यात आधी ठरलेलं असेल, तरच परतता येतं. यंत्र त्या ठरवण्यात पडत नाही.

आज ठरवायच्या गोष्टी वाढल्या आहेत, एवढंच. ६४ बिटांच्या इंटेल किंवा एएमडी प्रोसेसरवर लिनक्स चालू असेल, तर फंक्शनला द्यायचे पहिले सहा पूर्णांक किंवा पत्ते सहा ठरावीक रजिस्टरांत, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या कप्प्यांत, ठेवायचे: आरडीआय, आरएसआय, आरडीएक्स, आरसीएक्स, आर८, आर९, याच क्रमाने. सातव्यापासून पुढचे स्टॅकवर, म्हणजे मेमरीतल्या ठरलेल्या जागी. उत्तर आरएएक्समध्ये मिळेल. तोच प्रोसेसर, तीच चिप विंडोजखाली चालवा. तिथे पहिले चारच रजिस्टरांत जातात, तेही वेगळ्या क्रमाने, आणि शिवाय स्टॅकवर ३२ बाइट मोकळे सोडावे लागतात. का? दोन मंडळींनी दोन ठिकाणी बसून दोन वेगळे निर्णय घेतले म्हणून. सीमधला ‘लाँग’ हा प्रकार ६४ बिटांच्या लिनक्सवर आठ बाइटांचा असतो, विंडोजवर चारच बाइटांचा. या सगळ्या ठरावांच्या संचाला एबीआय म्हणतात. गंमत अशी की सी भाषेच्या अधिकृत प्रमाणग्रंथात रजिस्टरांबद्दल एक अक्षर नाही. ठराव भाषेचा नाहीच, तो यंत्र आणि ऑपरेटिंग सिस्टिम यांच्या जोडीचा आहे.

आणि ठराव पाळला जातोय की नाही, हे चालत्या प्रोग्राममध्ये कुणीही तपासत नाही. मला या विषयात सर्वात विलक्षण वाटतं ते हे. तीन आर्ग्युमेंट्स, म्हणजे कामासाठी द्यायची मूल्यं, मागणाऱ्या फंक्शनला दोनच दिली, तर प्रोसेसर तक्रार करत नाही. तिसऱ्या रजिस्टरात आधीच्या कामाचं जे काही पडलेलं असेल, तेच तिसरं आर्ग्युमेंट समजून फंक्शन शांतपणे कामाला लागतं.

चालण्याआधी मात्र एक चौकी असते. वेगवेगळ्या कंपायलरांनी बनवलेले तुकडे लिंकर जोडतो, आणि तो फक्त नावं जुळवतो. इथे प्रत्येक भाषेची नावं ठेवायची तऱ्हा वेगळी. सी फंक्शनचं नाव आहे तसंच ठेवते. फोरट्रानला लहान-मोठ्या अक्षरांचा भेद मान्य नाही, म्हणून बहुतेक कंपायलर सगळं नाव लहान अक्षरांत करतात आणि शेवटी एक अंडरस्कोर चिकटवतात. जी७७ या जुन्या कंपायलरची तर आणखी एक खोड होती: नावात आधीच कुठे अंडरस्कोर असेल तर शेवटी दोन लावायचे. या एका जास्तीच्या रेघेने किती जणांच्या दुपारी खाल्ल्या असतील याची गणती नाही.

सी++ सर्वात पुढे गेली. तिथे एकाच नावाची अनेक फंक्शन्स असू शकतात, म्हणून कंपायलर आर्ग्युमेंट्सचे प्रकारच नावात विणतो. दोन पूर्णांक घेणारं ‘अॅड’ हे फंक्शन जीसीसी या कंपायलरमधून बाहेर पडताना अंडरस्कोर, झेड, तीनचा आकडा, अॅड, आय, आय असं होऊन येतं. तीन म्हणजे नावातली अक्षरं, दोन आय म्हणजे दोन पूर्णांक. मायक्रोसॉफ्टचा कंपायलर त्याच फंक्शनचं नाव प्रश्नचिन्हाने सुरू करतो आणि मध्ये अॅटची चिन्हं पेरतो. दोघांच्या तुकड्यांची गाठ घालू गेलात तर लिंकर साफ सांगतो की असं नाव मला सापडत नाही. लोक या बिघडवलेल्या नावांना वैतागतात. मला ती उपकारक वाटतात. ज्याचे ठराव जुळत नाहीत, त्याला दारातच अडवणारी याहून बरी सोय अजून तरी नाही.

याचा पुरावा २०१५ साली मिळाला. सी++च्या २०११ च्या प्रमाणाने अक्षरमालिका साठवायची जीसीसीची जुनी पद्धत बाद ठरवली होती. त्या पद्धतीत प्रत काढली तरी दोन्ही प्रती आतून एकच अक्षरं वाटून घेत. जीसीसी ५ मध्ये नवी मांडणी आली. जुनी अक्षरमालिका आठ बाइटांची, नवी बत्तीस बाइटांची. जुन्या आणि नव्या कंपायलरचे तुकडे नकळत एकत्र आले असते तर आठ बाइटांच्या घरात बत्तीस बाइटांचं सामान शिरलं असतं. म्हणून जीसीसीवाल्यांनी नव्या प्रकाराच्या नावातच एक खूण घातली. त्या वर्षी जगभरचे प्रोग्रामर ‘नाव सापडत नाही’ म्हणून कुरकुरत होते. पण प्रोग्राम बनतच नव्हता, त्यामुळे चुकीचा चालायचाही प्रश्न नव्हता.

सी आणि फोरट्रानच्या नावांत प्रकारांचा मागमूस नसतो. त्यामुळे नाव जुळलं की लिंकर दार उघडतो आणि आतला गोंधळ गुपचूप चालतो. काही गोंधळ तर असे की थक्क व्हावं. सी मॅट्रिक्स मेमरीत ओळीने मांडते, फोरट्रान स्तंभाने. सीने पहिल्या ओळीत १, २ आणि दुसऱ्या ओळीत ३, ४ ठेवून तीच मेमरी फोरट्रानला दिली, तर फोरट्रान ते पहिल्या ओळीत १, ३ आणि दुसरीत २, ४ असं वाचते. मॅट्रिक्स आडवी-उभी बदलली. पण अशा बदललेल्या मॅट्रिक्सचा निश्चयक तोच राहतो आणि आयगेन-मूल्यंही तीच राहतात! म्हणजे चुकीची मॅट्रिक्स देऊन बरोबर उत्तर मिळतं, आणि माणूस निर्धास्त होतो. आयगेन-सदिश मागितले की मग ते चुकतात.

दुसरा गोंधळ याहून सुंदर आहे. बेल लॅब्जमध्ये फोरट्रानचं सीमध्ये रूपांतर करणारा एफ२सी हा प्रोग्राम बनला. जुनी सी दशांशी संख्यांचे हिशेब दुहेरी अचूकतेत करत असे, म्हणून या घराण्यात एक रीत पडली: साध्या, ३२ बिटांच्या दशांशी संख्येचं उत्तर द्यायचं असलं तरी ते ६४ बिटांत द्यायचं. जी७७ ने ती रीत उचलली. त्यानंतर आलेल्या जीफोरट्रानने सोडली. अॅपलच्या संगणकांवर येणाऱ्या गणिती संग्रहात ती राहिली. आता जीफोरट्रानने बनवलेल्या प्रोग्रामने त्या संग्रहाला विचारलं की या दोन सदिशांचा गुणाकार किती, आणि उत्तर आलं १. संग्रहाने ते ६४ बिटांत ठेवलं. जीफोरट्रानने त्याच रजिस्टरातले खालचे ३२ बिट वाचले. ६४ बिटांत लिहिलेल्या १ चे खालचे ३२ बिट सगळे शून्य असतात. २ चेही, ३ चेही, १०० चेही. म्हणजे दोन्ही बाजूंनी आपापलं काम चोख केलं, आणि हाती आलं शून्य.

मात्र या प्रांतातली खरी मोठी गोष्ट २०१९ ची आहे. तिच्यासाठी फोरट्रानची एक छुपी सवय माहीत हवी. फोरट्रान आर्ग्युमेंट म्हणून आकडा देत नाही, आकडा मेमरीत कुठे आहे त्याचा पत्ता देते. अक्षरं द्यायची असतील तर नुसता पत्ता पुरत नाही, कारण सीसारखी शेवटी शून्याची खूण ठेवायची पद्धत फोरट्रानमध्ये नाही; किती अक्षरं, हेही सांगावं लागतं. म्हणून कंपायलर सगळ्या आर्ग्युमेंट्सच्या शेवटी अक्षरांची लांबी स्वतःच जोडून देतो. प्रोग्रामरला ती कोडमध्ये कुठेच दिसत नाही.

लॅपॅकमध्ये अशी अक्षरं जागोजागी आहेत, पण बहुतेक एकेरी. डीपीओएसव्ही या फंक्शनचं उदाहरण घ्या. एका विशिष्ट प्रकारची समीकरणं ते सोडवतं. त्याला आठ आर्ग्युमेंट्स लागतात आणि त्यातलं पहिलं एकच अक्षर असतं: यू किंवा एल, म्हणजे मॅट्रिक्सचा वरचा अर्धा पाहायचा की खालचा. आठ दिसणारी, नववी लपलेली लांबी, आणि तिची किंमत कायम एक. सीमधून हाक मारणाऱ्यांनी ही नववी द्यायचं टाळलं. एकाच अक्षराची लांबी कशाला सांगायची? डीपीओएसव्ही तरी ती कुठे वाचतं? वाचत नव्हतंच. त्यामुळे आठ देऊन काम व्यवस्थित होत राहिलं. असं एकाने नाही, आरच्या गाभ्याने केलं, कित्येक पॅकेजांनी केलं, सीवाल्यांसाठी मुद्दाम बनवलेल्या लॅपॅकईसारख्या अधिकृत आवरणानेही केलं. वर्षानुवर्षं केलं. अब्जावधी समीकरणं सुटली.

मग जीफोरट्रानच्या नव्या आवृत्त्या आल्या आणि आरची काही पॅकेजं तपासणीत कोसळू लागली. लॅपॅकच्या कोडमध्ये अक्षराचा बदल नाही, आरच्या कोडमध्ये नाही.

झालं होतं ते असं. डीपीओएसव्ही आधी मॅट्रिक्सचे अवयव पाडतं आणि शेवटचं काम म्हणून डीपीओटीआरएस या दुसऱ्या फंक्शनला हाक मारतं. त्यानंतर त्याला करायचं काहीच उरत नाही. अशा शेवटच्या हाकेला टेल कॉल म्हणतात, आणि हुशार कंपायलर तिथे काटकसर करतो: स्टॅकवर नवी जागा घ्यायची नाही, आपल्याला मिळालेलीच जागा पुढच्याला द्यायची आणि सरळ उडी मारायची. डीपीओटीआरएसलाही तीच आठ आर्ग्युमेंट्स त्याच क्रमाने लागतात. सहा रजिस्टरांत, दोन स्टॅकवर, सगळं जागच्या जागी. फक्त नववं, म्हणजे लांबी, तेवढं मांडायचं. कंपायलरने स्टॅकवरच्या तिसऱ्या जागी १ लिहिला. ती जागा आपलीच, असा त्याचा समज. ठरावाप्रमाणे तो बरोबरही होता.

पण हाक मारणाऱ्या सीने स्टॅकवर दोनच जागा राखल्या होत्या. दोन बर्थचं रिझर्वेशन असताना आपण तिसऱ्या बर्थवर पिशवी टाकावी आणि तिथे कुणी झोपलेलं असावं, तसा तो १ भलत्याच कशावर तरी जाऊन पडला. कधी एखाद्या चलाची किंमत पुसली गेली, कधी एखादा पत्ता. डीपीओएसव्ही तर बरोबर उत्तर देऊन सुखरूप परतलं. कोसळणं झालं नंतर, दुसरीकडेच, जिथे समीकरणांचा काही संबंध नव्हता. अशा चुकीचा माग काढणारे खरे शाबासकीचे धनी, कारण त्यांना शेवटी फोरट्रान आणि सी दोन्ही बाजूला ठेवून प्रोसेसरच्या सूचना एकेक करून वाचाव्या लागल्या आणि त्यात तो एकटा १ सापडला.

त्यावर वाद झाला. जीफोरट्रानवाल्यांचं म्हणणं, ठराव आम्ही पाळला, मोडला तुम्ही. सीवाल्यांचं म्हणणं, ठराव असेल, पण अर्धं जग तो मोडून चालतंय आणि उद्या ते कोसळेल त्याचं काय. माझ्या मते जीफोरट्रानवाले निर्विवाद बरोबर होते, आणि बरोबर असूनही ते नमले हे त्यांच्या शहाणपणाचं. त्यांनी कंपायलरला एक पर्याय जोडला: अक्षरं घेणाऱ्या फंक्शनांत, जुन्या शैलीची हाक असेल तर, टेल कॉलची काटकसर करायची नाही. इकडे आरच्या गाभ्यात लपलेल्या लांब्या द्यायला सुरुवात झाली आणि पॅकेज लिहिणाऱ्यांनाही त्या द्यायला सांगण्यात आलं.

यावर रीतसर उपाय आधीपासून होता, हे विशेष. फोरट्रानच्या २००३ च्या प्रमाणात ‘हे फंक्शन सीच्या ठरावाने चालेल’ असं उघड लिहायची सोय आली. नाव काय ठेवायचं, कोणता प्रकार सीच्या कोणत्या प्रकाराशी जुळतो, सगळं भाषेतच सांगता येतं. नव्याने लिहिणाऱ्यांनी तीच वापरावी. पण लॅपॅकची फंक्शन्स त्याआधीच्या रीतीने लिहिलेली आहेत आणि त्यांना जुन्या नावाने हाक मारणारा कोड इतका आहे की ती बदलणं कुणाच्या आवाक्यात नाही.

नव्या भाषाही यातून सुटलेल्या नाहीत. आज रस्ट असो, गो असो, जूलिया असो, परक्या भाषेला हाक मारताना प्रत्येक जण सीचा ठराव वापरतो. रस्टने तर आपल्या स्वतःच्या फंक्शनांसाठी कायमचा ठराव जाहीरच केलेला नाही. पण सीचा ठराव वापरतानाही घसरायला जागा आहे. १२८ बिटांची पूर्णांक संख्या ६४ बिटांच्या इंटेलवर मेमरीत सोळाच्या पटीतल्या पत्त्यावर ठेवायची, असा लिखित नियम आहे. रस्टचा कंपायलर ज्या एलएलव्हीएमवर उभा आहे, तो ती आठच्या पटीत ठेवायचा. ही चूक रस्टच्या बाजूने दुरुस्त झाली २०२४ साली. तोपर्यंत अशी संख्या रस्टकडून सीकडे गेली की पोचेलच, याची खात्री नव्हती.

जीफोरट्रानचा तो २०१९ चा पर्याय आजही आपोआप चालू असतो, म्हणून आठ आर्ग्युमेंट्स देणारे जुने प्रोग्राम अजून तगून आहेत. त्याच्या माहितीपुस्तिकेत मात्र स्पष्ट लिहिलं आहे की ही सवलत पुढच्या आवृत्त्यांत बदलेल. तुमच्या प्रयोगशाळेत किंवा कंपनीत सीमधून लॅपॅकला थेट हाक मारणारा जुना कोड चालू असेल, तर एकदा तो उघडून आर्ग्युमेंट्स मोजा. आठच निघाली तर नववं आताच द्या.